यंदा शाकारणी नाही

बाबा, आपल्या घरावर आता कौलं नाहीत. निळे पत्रे आहेत, स्टीलचे, रंग दिलेले. सायवनकडून येताना वळणावरूनच चमकायला लागतात. तू एखाद्या दुपारी परत आलास (असले विचार मला हल्ली येतात, आणि आले की मी त्यांना हाकलत नाही) तर पाड्यात शिरल्यावर तुला आपलं घर ओळखू येणार नाही. सगळीच घरं सारखी दिसतात आता, निळी नाहीतर लाल. पाऊस सुरू झाला की आत समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तसं आमच्याकडे ऐकण्यासारखं फार कुणी बोलतही नाही. मी आणि आय, दोघीच. आय तुझ्यामागे भराभर म्हातारी झाली. मी पाड्यातल्या अंगणवाडीत पोरं सांभाळते. माझं लग्न झालं नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे नको. दादा अच्छाडला असतो, हायवेवर, ट्रकच्या टायरच्या दुकानात. त्याच्याबद्दल आणि आयबद्दल तुला सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, घराला एवढा चांगला पत्रा घातलाय आणि ही रडते कशाला.

पण आधी शाकारणी. मी लहान आहे. मे महिना आहे, आणि उन्हं चढायच्या आत तू आढ्यावर जाऊन बसला आहेस, एक पाय घराच्या या बाजूला, एक त्या बाजूला. पाड्यातले पुरुष तुझ्या खालच्या अंगाला वाशांवर. सगळी नळीची कौलं उतरवायची, वर्षभराचा पाला, उंदरांची बिळं, माकडांनी नाचून फोडलेले तुकडे झाडून काढायचे, कुजलेला बांबू बदलायचा आणि पावसाच्या आधी पुन्हा एकेक कौल जागेवर बसवायचं. खाली अंगणापासून शिडीपर्यंत बायकांची आणि आम्हा पोरांची रांग, या हातातून त्या हातात कौल. तू प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघतोस. टण्ण वाजलं की बसवायचं, बद्द वाजलं की मागे टाकायचं. मला तहान लागते म्हणून मी रांग सोडून माठाकडे जाते आणि वरून तुझा आवाज येतो, "रांग सोडून गेलीस तं वरचा मानूस उन्हात बसून रव्हंल काय?" सगळ्यांदेखत. मी तशीच, न पिता, रडत परत आले होते. तू कधी फार बोलायचा नाहीस, म्हणून ते एक वाक्य इतकं लागलं असावं. पुढच्या शाकारणीला तू डहाणूहून एक काचेचं कौल आणलंस, धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. "चुलीपाशी अंधारात वाचतीस, डोळं जातील," एवढंच म्हणालास. ते कौल चुलीच्या वर बसवलंस आणि तेव्हापासून स्वयंपाकाच्या खोलीत जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडायला लागला. आय त्याच्यावरून वेळ सांगायची. चौकोन जात्यापाशी आला की भाकऱ्या झाल्या पाहिजेत.

शाकारणीला कुणी आमंत्रण देत नसे. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, पाडा आपला आपण फिरायचा. बांधावरून भांडलेली, वर्षवर्ष तोंड न बघणारी माणसंसुद्धा त्या दिवशी येऊन रांगेत उभी राहायची, कारण कौलारू घर एकट्याने शाकारता येत नाही आणि उद्या आपल्या घरावर चढायला माणसं लागणार हे प्रत्येकाला ठाऊक. बोलणं नसलं तरी कौल हातात द्यावंच लागतं. दुपारी अंगणात पंगत, भात आणि सुकटाचं कालवण. तुला काविळीने नेलं तेव्हा मी नववीत होते. त्या वर्षी मे आला आणि कुणीही काही न बोलता दादा शिडीने वर चढला आणि तुझ्यासारखाच आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसला. आयने खालून बघितलं आणि पदर तोंडात धरला. मला वाटलं, चला, घर सावरलं.

घर मोडलं ते कौलांमुळे नाही, आयच्या जिभेमुळे. हे तुला माझ्याच तोंडून ऐकावं लागतंय. दोन हजार चौदा साल होतं. वहिनीचं पहिलं बाळ दिवस भरत आले असताना पोटातच गेलं. कासा, डहाणू, सगळ्या दवाखान्यांत धावपळ झाली, उपयोग झाला नाही. तिला घरी आणलं, ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारची म्हातारी विचारपूस करायला आली आणि आय चुलीपाशी बसून तिला म्हणाली, "काय करायचं, हिला पोटातलं राखाला येत नाय." आयला तेव्हा स्वतःलाच दुःख झालं होतं, नातवासाठी तिने गोधडी शिवून ठेवली होती, आणि दुःख झालं की तिच्या तोंडून असंच वाकडं निघतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण दादा दारात हात धूत उभा होता. त्याने तांब्या खाली ठेवला. जेवला नाही. महिनाभरात ती दोघं अच्छाडला गेली. वहिनीने त्यानंतर या उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

दादा मात्र दर मे महिन्यात येत राहिला. दिवाळीला नाही, होळीला नाही, आय तापाने फणफणली तेव्हाही त्याने डॉक्टरसाठी रिक्षा पाठवली, स्वतः आला नाही. शाकारणीला न बोलावता यायचा. मोटारसायकल चिंचेखाली लावायची, शर्ट काढून तिच्यावर टाकायचा आणि सरळ वर. आणि आय, बाबा, आय रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहायची, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे तिच्या हातातलं कौल त्याच्या हातात जायचं. या वयात तिथे उभी राहू नको म्हटलं तर माझ्यावरच डाफरायची. दिवसभर दोघांचं बोलणं चालायचं, ते असं: "हे घे." "बद्द वाजतं." "मंग टाक." "अजून हायत का?" "हायत, मागं रचलीत." "ती आण." मी खाली रांगेत उभी राहून ऐकायचे आणि मला तेवढ्यानेही बरं वाटायचं. तो पंगतीत जेवायचा. आय त्याच्या पानात सुकट जास्त वाढायची, तो खायचा, मान वर करायचा नाही. मोटारसायकलचा आवाज लांब गेला की आय ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "पुढल्या शाकारणीला बोलीन त्याच्याशी. यंदा मानसं लय व्हती." दुसऱ्या वर्षी म्हणाली, यंदा तो दमला होता. तिसऱ्या वर्षी, यंदा आभाळ आलं, घाई झाली. काय बोलणार ते मला तिने सांगितलं होतं. "म्हननार, माझी जीभ झडली असती तं बरं. तुझ्या बायकोला घेऊन ये, तिच्या पायाशी बसते." एवढंच वाक्य. ते ती घरात एकटी असताना पुटपुटायची, जसं अंगणवाडीतलं पोर कविता पाठ करतं.

मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. तुझ्या वेळी हे नव्हतं, त्यामुळे तुला कसं सांगू. आधी जमिनीखालून आवाज यायचा, दूर कुठे खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, आणि तो आवाज पायांत शिरायच्या आत भांडी वाजायची. तलासरीपासून इकडे आमच्यापर्यंत सगळ्या पाड्यांत तेच. कधी दिवसात दोनदा, कधी आठवडाभर काही नाही, आणि ते काही नाही असायचं तेव्हा जास्त भीती वाटायची. शाळा झाडाखाली भरायची. माझ्या अंगणवाडीतली पोरं 'हलला, हलला' असा खेळ खेळायला लागली. एका दुपारी आय चुलीपाशी बसलेली असताना मोठा धक्का बसला. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि कौलं बांबूवरून घसरून धडाधड आत पडली. एक आयच्या खांद्यावर बसलं. मी तिला ओढून अंगणात आणलं तेव्हा तिच्या केसांत कौलांची लाल माती होती आणि ती म्हणत होती, "काचेचं बघ, काचेचं फुटलं का बघ." काचेचं कौल फुटलं नव्हतं. राखेच्या ढिगात पडलं होतं, म्हणून वाचलं.

त्या रात्रीपासून आम्ही कापणी झालेल्या शेतात ताडपत्रीखाली राहायला लागलो, सगळा पाडाच. थंडीने आयचा खांदा धरायचा. सगळीकडे एकच बोलणं, कौल डोक्यात पडतं, पत्रा पडत नाही. पत्रा घाला. मीच दादाला फोन केला. वाटलं होतं टाळाटाळ करेल, पण तो दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आला. मला बरोबर घेऊन तलासरीला गेला. दुकानदार गुजराती, माझ्याकडे बघून म्हणाला, "लई जाव बेन, सारां पतरां छे, हलेगा तो भी कुछ नहीं होगा." पत्रे चांगले आहेत, असं त्याचं म्हणणं. निळा रंग मी निवडला. मला आनंद झाला होता, बाबा, खोटं कशाला सांगू. येताना टेम्पोत दादा माझ्याशी बोलत होता, वहिनी कशी आहे, दुकानात किती काम असतं, ट्रकवाले कसे भांडतात. मला वाटलं, जमीन हलली ते एका परीने बरंच झालं.

पत्रे चढवायला दोन दिवस लागले. दादाने दुकानातले दोघे मित्र आणले होते. राहिलेली कौलं त्यांनी वरून नुसती ढकलून दिली, खाली कुणी रांगेत उभं राहायची गरजच नव्हती. बांबू आणि वासे काढले, लोखंडी पाइप टाकले. आढं मात्र दादाने ठेवलं. तुझ्या हातचं आहे, म्हणाला. पत्र्यावर पत्रा चढवायचा, वाऱ्याची बाजू बघून, आणि स्क्रू मारायचा तो पन्हळीत नाही, उंचवट्यावर, खाली रबराचं वॉशर घालून, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मशीन लावलं की घर्र करून स्क्रू आत. माझं काम चहा करायचं. आयला काही कामच नव्हतं. ती सकाळी सवयीने शिडीच्या दुसऱ्या पायरीवर जाऊन उभी राहिली, तर दादाच्या मित्राने तिला हाताला धरून बाजूला केलं. "मावशी, पत्रा लागंल, लांब रव्हा." मग ती चिंचेखाली बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं, आय उठली. पदर डोक्यावरून घेतला, शिडीपाशी गेली आणि मान वर करून बोलायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ती ते वाक्य म्हणत होती, मी शपथेवर सांगते. दादा आढ्याला पाय लावून स्क्रू मारत होता, मशीन चालू होतं, पत्र्याचा नुसता कडकडाट. तिचं बोलून झालं तेव्हा मशीन थांबलं. दादाने खाली बघितलं आणि विचारलं, "काय?" मी हातातली किटली धरून उभी होते. आयने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "पानी पायजे का?" तो म्हणाला, "नको." मशीन पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी काम संपलं. दादाने हात पुसले, लांब जाऊन पत्र्याकडे बघितलं, आणि खूश होऊन म्हणाला, "चला, सुटला ताप. आता पंदरा-वीस वर्सं वर बघाला नको." हे तो चांगल्या मनाने म्हणाला. मीही हसले. आय हसली नाही. मोटारसायकल गेल्यावर ती ओट्यावर बसली आणि मी वाट बघत राहिले, पण पुढल्या शाकारणीला बोलीन असं ती म्हणाली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं तिने एकच दिवस धरून ठेवला होता, आणि तो दिवस मीच तलासरीहून निळा रंग निवडून बंद करून आणला होता.

मे आला. पाड्यात कुणाच्याच घरावर कौलं राहिली नव्हती, त्यामुळे कुणी कुणाकडे गेलं नाही. इतकी शांतता मी मे महिन्यात कधी पाहिली नव्हती. जो तो आपल्या पत्र्याखाली पंखा लावून बसलेला. ज्यांचं भांडण होतं त्यांचं भांडण तसंच राहिलं, आता ते वर्षभर टिकेल. आयने मात्र घरामागचा कौलांचा ढीग उपसला. फुटकी बाजूला टाकली, चांगली होती ती एकेक करून धुतली, पेराने वाजवून बघितली आणि भिंतीलगत रचून ठेवली. मी म्हटलं, कशाला, आता ही कुठे लावणार. ती म्हणाली, "असू दे. टण्ण वाजतात अजून." एके दिवशी तिने सुकटाचं कालवण केलं, दोघींना पुरून उरेल एवढं, आणि दुपारभर चिंचेकडे तोंड करून बसली. मी तिला विचारलं नाही. मला तिचा राग आला होता. इतकी वर्षं कौलं देत राहिलीस, त्याबरोबर दोन शब्द द्यायला काय झालं होतं, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. ती आता खोलीत अंधार आहे म्हणून भरदिवसा बल्ब लावते आणि त्याच्याखाली भाकऱ्या थापते. चौकोन नसल्यामुळे तिला वेळ कळत नाही, कधी सकाळीच रात्रीचा भात टाकते. धक्के अजून बसतात. आता आधी पत्रा वाजतो. रात्री पत्रा वाजला की आय अंथरुणात उठून बसते, पण बाहेर पळत नाही. मी ओढलं तरी म्हणते, "पडंल तं पडू दे." पत्रा पडत नाही. दुकानदाराने सांगितलं तसाच निघाला.

मग आषाढात चुलीच्या वर गळायला लागलं. नव्या पत्र्यातून. थेंब नेमका जुन्या चौकोनाच्या जागी, जात्यापाशी. आयने खाली पातेलं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि बाबा, तिच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी काहीतरी जिवंत बघितलं. "त्याला सांग," म्हणाली. "म्हनावं, गळतं." मी फोन केला. दुकानात ट्रकचे हॉर्न वाजत होते. दादा म्हणाला, "कुठं? चुलीवर? वॉशर गेलं असंल. बघतो." आयने त्या दिवशी अंगण सारवलं, पावसात. न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसली. माझ्यादेखत ते वाक्य म्हणून बघितलं, आता पुटपुटत नाही, मोठ्याने, कारण पत्र्यावर पाऊस होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायवनच्या जीपवाल्याने दारात हॉर्न वाजवला आणि एक पुडकं दिलं. त्यात मूठभर रबराचे वॉशर, डांबराची चिकटपट्टी आणि निरोप, पाड्यातल्या कुणालाही सांग, पाच मिनिटांचं काम आहे.

आयने पुडकं हातात घेऊन उलटसुलट केलं. "कुनाला सांगू नको," म्हणाली. "गळू दे. तो येल तवा बघंल." पातेलं भरलं की ती ओतून येते आणि पुन्हा तिथेच ठेवते. रात्री तो आवाज ऐकत आम्ही दोघी जाग्या असतो आणि दोघीही झोपल्याचं सोंग करतो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुझा पत्ता नाही, आणि ज्याचा पत्ता आहे त्याला हे लिहायचा मला धीर नाही. लिहिलं तर आयचं वाक्य मी सांगितल्यासारखं होईल, आणि ते तिच्याच तोंडून जायला हवं, एवढं तरी तिचं शिल्लक राहू दे. घडी करून काचेच्या कौलाखाली ठेवीन.

आणि एक. नवा पत्रा आपोआप गळत नाही, बाबा. आय शेतात भात लावायला गेली होती आणि पावसाने उघडीप दिली होती, तेव्हा दादा विसरून गेलेला पाना घेऊन मी वर चढले होते. तू बसायचास तशी आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले, मग चुलीच्या बाजूला घसरत गेले आणि एक स्क्रू काढला. वॉशरसकट. तो माझ्या टिकल्यांच्या डबीत आहे. त्या एकाने दादा आला नाही, म्हणून काल दुपारी मी दुसरा काढला.